तण खाई धन, पण केशराच्या वाफ्यात?

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असतं. वेलदोडा, जायफळ, चारोळ्या पडून झाल्या की घरातली वडीलधारी बाई कपाटातून एक चिमुकली डबी काढते. डबीत पुन्हा कागदाची पुडी. पुडीतून चार काड्या मोजून घ्यायच्या, कोमट दुधाच्या वाटीत खलायच्या आणि ते पिवळंधमक दूध पातेल्यात ओतायचं. पोरांनी त्या डबीला हात लावायचा नाही, हा घरोघरचा नियम. श्रीखंड असो, केशरी भात असो की बाळंतिणीचं दूध असो, केशर मराठी घरात असंच येतं. चिमटीनं आणि जपून.

कोजागिरीच्याच आगेमागे, श्रीनगरच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर, पांपोरच्या पठारावर जांभळी फुलं जमिनीतून डोकं वर काढू लागतात. ना खोड, ना फांदी. काल जिथं नुसती भुरकट माती होती तिथं आज फुलांचा सडा पडलेला दिसतो. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू. तेच केशर. किलोभर सुकं केशर हाती यायला दीड लाखाच्या घरात फुलं खुडावी लागतात. तीही सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, कंबरेत वाकून. फुलांच्या त्या दोन-तीन आठवड्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. उरलेल्या अकरा महिन्यांत त्या शेतात काय चालतं, याचा मात्र कुणी विचार करत नाही. त्या अकरा महिन्यांतलं मोठं काम म्हणजे तण काढणं.

पांपोरच्या अशाच एका कुटुंबाची पठारावर चार कनाल जमीन आहे. कनाल हे तिकडचं माप. आठ कनालांचा एक एकर होतो, म्हणजे चार कनाल म्हणजे आपल्याकडचे वीस गुंठे. घरात साठी ओलांडलेले अब्बा, त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान अम्मी, श्रीनगरात एका दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा, सून आणि शाळकरी नात. काश्मिरात केशराचं उत्पन्न हेक्टरी दोन-अडीच किलोपासून चांगल्या सालात चार-पाच किलोपर्यंत जातं. त्या हिशेबानं या घराच्या वाट्याला साधारण अर्धा किलो केशर यायचं. केशर ग्रॅमवर विकलं जातं आणि ग्रॅमला काही शे रुपये मिळतात, त्यामुळे अर्धा किलो म्हणजे घराला मोठाच आधार. पण अलीकडे दर साली फुलं कमी होत चालली होती. एका शरद ऋतूत तर चारही कनालांतली फुलं मिळून जेमतेम निम्म्या टोपल्या भरल्या.

त्यानंतरच्या एप्रिलमधली गोष्ट. वसंतात पठार हिरवंगार होतं. केशराची पानं गवताच्या पात्यासारखी बारीक आणि लांबट. ती जमिनीवर सावली धरत नाहीत. त्यामुळे दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत जे उगवायचं ते खुशाल उगवतं. लाल रानखसखस, पिवळ्या फुलांची रानटी झुडपं, चीक निघणारी दुधी, रानटी ट्युलिप, आपल्या भाजीतला चाकवत, किती नावं घ्यावीत! परक्या माणसाला ते शेत फुलांच्या गालिच्यासारखं वाटेल. अम्मीला मात्र ते गुडघेदुखीसारखं दिसायचं. कारण ते सगळं खुरप्यानं काढायचं काम तिचं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे चाळीसएक वर्षं, उकिडवं बसून वाफ्यामागून वाफा पुढं सरकत राहायचं. अब्बा जमीन खणायचे, कंद लावायचे, विक्री बघायचे. तण हे बायकांचं काम. असं कुणी ठरवलं होतं, ते कुणाला आठवत नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये अम्मीला एक दिवस वाफ्यातून उठताच येईना. मुलानं आणि सुनेनं दोन्हीकडून धरून तिला घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढं उकिडवं बसायचं नाही. मजूर लावावा तर दिवसाची मजुरी परवडत नाही, आणि परवडली तरी हंगामात मजूर मिळत नाही. आठवड्याभरानं मुलगा श्रीनगरहून येताना तणनाशकाचा एक डबा घेऊन आला.

"अब्बा, एका सकाळी काम उरकेल," तो म्हणाला. "अम्मीला शेतात पाय टाकायलासुद्धा नको."

अब्बांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि ओसरीच्या फळीवर ठेवून दिला. "केशराच्या जमिनीत असलं काही कधी पडलेलं नाही," एवढंच ते बोलले.

"आणि अम्मीचे गुडघे? ते कोण बघणार?"

यावर अब्बांकडे उत्तर नव्हतं. दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच भांडण अवघड होतं.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी एक म्हण आहे, तण खाई धन. ती केशराला तंतोतंत लागू पडते, पण कशी ते समजायला केशराची तऱ्हा समजून घ्यावी लागते. या झाडाला बीच धरत नाही. त्याची पेशींची घडणच अशी तिपेडी आहे की फूल येतं, पण फळ नाही आणि बी नाही. जगात जिथं जिथं केशर आहे तिथं ते माणसानं कंद उचलून लावल्यामुळेच आहे. तण कुणाच्या मदतीवाचून दर वर्षी हजारो बिया उधळतं. केशराला मात्र माणसाचा हात सुटला की वंश संपतो.

या कंदाचं आयुष्य एका वर्षाचं. शरदात तो साठवलेल्या अन्नावर फुलं देतो. मग हिवाळाभर आणि वसंतात पानं ऊन खाऊन नवं अन्न करतात. ते अन्न जुन्या कंदाच्या डोक्यावर वाढणाऱ्या नव्या कंदांत साठतं. मे महिन्यात पानं वाळतात, जुना कंद सुकून जातो आणि लेकरं मागं राहतात. ही लेकरं किती पोसली, यावर पुढच्या शरदातली फुलं ठरतात. साधारण आठ ग्रॅमच्या पुढचा कंद चांगली फुलं देतो. त्याहून बराच लहान असेल तर नुसती पानं काढून गप्प बसतो. आता बघा, कंद पोसायचे दिवस मार्च-एप्रिलचे आणि तणाच्या जोराचे दिवसही तेच. ऊन, पाणी आणि खत यांच्यासाठी दोघांची एकाच वेळी ओढाताण. तणानं एप्रिलमध्ये खाल्लेलं धन शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये समजतं. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मग प्रतीचं काय? केशराची प्रत तीन गोष्टींवर ठरते. क्रोसिन नावाच्या द्रव्यानं रंग येतो, पिक्रोक्रोसिननं कडसर चव येते आणि ते सुकताना फुटून त्यातून सॅफ्रानल तयार होतं, त्याचा वास. केशर पाण्यात भिजवून त्या पाण्यातून ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरी सोडतात आणि त्या किती शोषल्या गेल्या त्यावरून रंग, चव, वास यांचे आकडे काढतात. जगभर हीच पद्धत चालते. या आकड्यांवर मोठा परिणाम खुडणीचा आणि सुकवण्याचा होतो. सावलीत दिवसेंदिवस रेंगाळत सुकलेल्या तंतूंचा रंग उतरतो, नीट उष्णतेवर वेळेत सुकवलेल्यांचा टिकतो. तेव्हा तण काढलं की केशर आपोआप लालभडक होईल, असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. तण मुख्यतः कंद बारीक करतं, फुलं कमी करतं, तंतू लहान आणि हलके करतं. पण कंदाला नीट पोसणारी जमीन नसेल तर चांगल्या तंतूची आशाच कुठून करायची? प्रतीचा पाया शेतातच घातला जातो, आणि हा पाया मातीतल्या अशा जिवांच्या हातात असतो की जे डोळ्यांना दिसत नाहीत.

मुलाला हे कळलं ते एका शेतकरी मेळाव्यात. गेला होता तो तणनाशकाची मात्रा विचारायला. तिथं मातीचा अभ्यास करणारा एक तरुण भेटला. त्यानं मात्रा सांगायच्या आधी उलट विचारलं, "तुमच्या मातीत कोण कोण राहतं, माहीत आहे?"

चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी, कधी अब्जावधी जिवाणू असतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो त्यांच्यातल्याच एका कुळाचा उद्योग. केशराच्या मुळांभोवती त्यांची खास वस्ती असते. ती मुळं आखूड आणि मोजकीच, त्यामुळे त्यांना शेजाऱ्यांची गरज जास्त. पांपोरच्या पठाराची माती चुनखडीची. तिच्यात स्फुरद भरपूर असलं तरी ते चुन्याला घट्ट चिकटून बसतं आणि मुळांना मिळत नाही. काही जिवाणू सौम्य आम्लं सोडून ते मोकळं करतात. काही हवेतला नत्र जमिनीत आणतात. काही मुळं वाढवणारी संप्रेरकं तयार करतात. काही जण पहारा देतात, कारण केशराचा मोठा वैरी म्हणजे कंदकूज. फ्युजेरियमसारख्या बुरशीनं ती येते आणि काश्मिरात तिनं फार नुकसान केलं आहे. जम्मू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी केशराच्या मुळांजवळच्या मातीतून बॅसिलस कुळातले असे जिवाणू वेगळे केले आहेत की जे या बुरशीला आवर घालतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या पाण्यात केशराचे कंद भिजवून लावले, तेव्हा कंद लवकर फुटले आणि फुलं वाढली.

यात एक मजेची गोष्ट आहे. केशराच्या मातीत सापडलेल्या जिवाणूंपैकी एकाची नोंद बॅसिलस आर्यभट्टई या नावानं झाली आहे. हे नाव आपल्या प्राचीन गणितीचं. 2005 साली हैदराबादहून इस्रोनं एक मोठा फुगा आकाशात सोडला होता. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने त्यानं आणले. त्यातले जिवाणू हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी तपासले आणि 2009 साली तीन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातलीच ही एक. आकाशाच्या टोकावर सापडलेल्या जिवाणूचा भाऊबंद पांपोरच्या वाफ्यात केशराच्या मुळाशी मुकाट काम करतो आहे, हे ऐकून शाळकरी नातीला फार गंमत वाटली. तिनं दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत शेतातली माती भरून आणली आणि "यात आर्यभट्ट आहेत" असं मैत्रिणींना दाखवलं.

मग तणनाशकानं या वस्तीचं काय होतं? त्या अभ्यासकानं भीती घातली नाही आणि दिलासाही दिला नाही. ग्लायफोसेट हे सगळ्यात जास्त खपणारं तणनाशक. ते वनस्पतीतलं एक विकर बंद पाडतं. माणसात आणि जनावरात ते विकर नसतं, पण कितीतरी जिवाणूंत आणि बुरशींत असतं. त्यामुळे फवारणीनंतर मातीतली काही जात मागं पडते. काही जात तर त्या औषधालाच अन्न म्हणून खाते आणि फोफावते. एकूण संख्या कधी फारशी हलत नाही, पण कोण किती हा तोल बदलू शकतो. तो किती बदलेल हे माती, मात्रा आणि किती वेळा फवारलं यावर असतं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून या औषधाच्या वापरावर निर्बंध घातले, ते माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याची काळजी म्हणून.

केशराच्या बाबतीत त्याहून सरळ धोका आणखी एक. हे औषध पानातून आत शिरतं आणि थेट मुळापर्यंत उतरतं. एप्रिलमध्ये केशराची पानं हिरवी असतात. तेव्हा फवारलं तर तणाबरोबर केशराच्या पानावरही पडणार आणि ते ज्या कंदात अन्न साठवतात त्याच कंदात विषही उतरणार. म्हणजे मुलानं आणलेला डबा त्याच सकाळी रिकामा केला असता तर पुढच्या शरदातल्या फुलांवरच पाणी सोडलं असतं. पानं पूर्ण वाळल्यावर, कंद झोपलेले असताना फवारणी करण्याचा मार्ग आहे आणि काही देशांत तो वापरतातही. पण वसंतातलं तण तोवर बी टाकून मोकळं झालेलं असतं.

मुलगा थोडा खट्टू होऊन म्हणाला, "मग खुरपंच बरं म्हणायचं?"

खुरप्याचंही सगळं गोड नव्हतं. नवे कंद दर वर्षी जुन्याच्या डोक्यावर येतात, म्हणून कंद साल दर साल जमिनीच्या वर वर सरकतो. काश्मिरात एकदा लावलेले कंद दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं उकरत नाहीत. अशा जुन्या वाफ्यात कंद इतके वर आलेले असतात की कुदळीचा एक घाव चुकला तरी दोन-चार कापले जातात. कापलेल्या जागेतून कूज आत शिरते. शिवाय जमीन पुन्हा पुन्हा खोल खणली की तिच्यातला सेंद्रिय अंश हवेनं लवकर जळतो आणि मुळांना मदत करणाऱ्या बुरशीचे धागे तुटतात. आणि उपटलेलं तण बांधावर फेकून दिलं की जिवाणूंचं जेवणच बाहेर गेलं. या घराच्या वाफ्यांना तर बारा वर्षं झाली होती. फुलं का घटली, याचं बरंचसं उत्तर तणापेक्षा इथंच होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे बोलणं ओळखीचं वाटेल. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी जुनी म्हण उलटी करून "तण देई धन" असं पुस्तकच लिहिलं. तणाची मुळं जमिनीत जागच्या जागी कुजली तर जिवाणूंना खाणं मिळतं आणि जमिनीचा कस वाढतो, हा त्यांचा विचार. ऊस-भाताची जमीन वेगळी आणि केशराचा वाफा वेगळा, तरी सूत्र तेच आहे. तण कधी आणि किती वाढू द्यायचं, आणि मेल्यावर ते कुणाच्या पोटी घालायचं, हा खरा प्रश्न.

त्या वर्षी जूनमध्ये अब्बांनी एक निर्णय घेतला. चारपैकी दोन कनालांतले सगळे कंद उकरून काढायचे. केशरवाल्याला हे म्हणजे घराचा पाया उकरण्यासारखं वाटतं, कारण नवी लागवड केली की पहिल्या सालात फुलं कमी येतात. पण बाप-लेकानं जुलैत कंद काढले. ओसरीवर ढीग पडला. अम्मी खुर्चीवर बसून निवडायला लागली. कुजके एकीकडे, बारके एकीकडे, टपोरे एकीकडे. कुजक्यांचा ढीग पाहून अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. टपोरे कंद नव्या ओळींत, नीट अंतरावर आणि पुरेसे खोल लावले. वाफ्याच्या चारी बाजूंनी पाणी निघून जायला चर पुन्हा साफ केले. कुजकं शेणखत मिसळलं. बारके कंद वेगळ्या तुकड्यात पोसायला ठेवले.

उरलेल्या दोन कनालांतल्या जुन्या वाफ्यांना त्यांनी कुदळ लावणंच सोडलं. लांब दांड्याचं हलकं खुरपं लोहाराकडून करून घेतलं, उभ्यानं चालवता येईल असं. त्यानं वरची बोटभर माती हलते, खालच्या कंदाला धक्का लागत नाही. पुढच्या वसंतात तण फुलावर आलं, पण बी धरायच्या आत कापलं आणि कापलेलं तिथंच ओळींमध्ये पसरून टाकलं. बी पडलेलं तण मात्र उचलून बाहेर काढलं. आणि हे काम कुणी केलं? अब्बांनी आणि मुलानं. पहिल्या दिवशी शेजारचे दोघे-तिघे बांधावर उभे राहून हसले. बायकांचं खुरपं हातात घेतलेले म्हातारबुवा त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी अब्बांनीच त्यांना ऐकवलं, "चाळीस वर्षं तिनं काढलं, तेव्हा कुणी हसलं नाही."

अम्मी शेतात यायची सोडली नाही. उकिडवं बसायचं बंद झालं, पण फेरी चुकली नाही. काश्मिरात वसंतात बायका हंद नावाची रानभाजी खुडतात. सुकवून हिवाळ्यासाठी ठेवतात आणि कोंबडीबरोबर शिजवून बाळंतिणीला घालतात. ती हंद शेताच्या कडेला उगवते. खुरपं चालवताना अब्बा ती झाडं कापू लागले की अम्मी लांबूनच ओरडायची, "ते तण नाही!" आपल्याकडे बाळंतिणीला केशराचं दूध, तिकडे केशराच्याच बांधावरची रानभाजी. तण कशाला म्हणायचं हेही शेवटी घरच्या बाईलाच ठाऊक असतं.

पहिल्या शरदात फुलं वाढली का? नाही वाढली. नव्या लागवडीत फारच कमी आली. जुन्या वाफ्यात होती तेवढीच. मुलाचा चेहरा पडला. पण कंदाचं गणित आता घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. या शरदाचं फूल म्हणजे गेल्या वसंताची कमाई. यंदाच्या वसंतात जे केलं ते पुढच्या शरदात दिसणार. दिसलं ते वेगळंच. पावसानंतर मातीवर जी कडक पापडी धरायची ती कापलेल्या तणाखाली धरत नव्हती. माती हातात भुसभुशीत लागायची. खुरप्याच्या टोकाला गांडुळं दिसू लागली. नातीनं दोन बरण्या शेजारी ठेवल्या, एक आधीच्या मातीची आणि एक नव्या. दोन्हींवर एकाच वेळी पाणी ओतलं. नव्या मातीनं पाणी शोषून घेतलं, जुनीवर ते बराच वेळ तसंच साचून राहिलं. विज्ञानाच्या भाषेत हा काही पुरावा नाही. पण त्या घराला धीर द्यायला तेवढं पुरलं.

धीराची गरज त्या पठारावरच्या सगळ्यांनाच आहे. 1996-97 साली काश्मिरात सुमारे 5700 हेक्टरांवर केशर होतं. 2010 च्या सुमारास ते 3700 हेक्टरांच्या आसपास आलं. जमिनीवर घरं चढली, ऐन वेळी पाऊस ओढ देऊ लागला, कंद कुजले, कुणी सफरचंदाकडे वळलं. केशराची जमीन दुसऱ्या कामाला वापरू नये म्हणून 2007 साली कायदा झाला. 2010-11 पासून केंद्राच्या राष्ट्रीय केशर मोहिमेतून नव्या लागवडीला आणि सिंचनाला मदत मिळाली. 2020 साली काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकनही मिळालं. या सगळ्याचा उपयोग आहेच. पण कायदा वाफ्यात उतरून खुरपं धरत नाही आणि मानांकन मातीत जिवाणू सोडत नाही. तिथं घरातलीच माणसं लागतात.

अलीकडे पुण्यासारख्या शहरांत काही जण बंद खोलीत, मातीशिवाय, थंडावा आणि ओलावा सांभाळून केशराची फुलं काढतात. कौतुकाचीच गोष्ट आहे. तिथं तण नाही आणि कंबरेत वाकणंही नाही. पण खोलीत कंद फुलतो तो त्यानं आधी साठवलेल्या शिदोरीवर. फूल देऊन थकलेल्या कंदाला पुन्हा पोसायचं तर ऊन आणि मुळं धरायला जागा द्यावीच लागते. केशर काही काळ मातीवाचून राहतं, पण माहेरी गेल्यावाचून त्याचं भागत नाही.

दुसऱ्या शरदात पांपोरच्या त्या घरात पहाटे सगळे उठले. पठारावर धुकं होतं. नव्या लागवडीत ओळीनं फुलं उभी होती. भरगच्च नव्हती, पण गेल्या सालाहून नक्कीच जास्त. अम्मीला बांधावर खुर्ची टाकून बसवलं होतं. सून आणि नात फुलं खुडत होत्या, अब्बा आणि मुलगा त्यांच्या बरोबरीनं वाकलेले. टोपली भरली की ती अम्मीच्या मांडीवर यायची आणि ती एकेक फूल उघडून तीन लाल तंतू अलगद वेगळे करायची. सुकवण्यासाठी यंदा सावलीत आठवडा घालवायचा नाही, त्याच दिवशी उष्णतेवर सुकवायचं, हे तिनंच ठरवून टाकलं होतं.

तणनाशकाचा तो डबा अजूनही ओसरीच्या फळीवर न उघडलेला पडून आहे. दुकानदारानं परत घेतला नाही. मुलगा येता-जाता त्याच्याकडे बघतो आणि अब्बा त्याच्याकडे बघून हसतात. कधी एखाद्या फार तणाच्या सालात तो उघडावाही लागेल, नाही असं नाही. पण उघडण्याआधी आता त्या घरात तीन प्रश्न विचारले जातील. केशराची पानं वाळली का? खालच्या मातीत कोण राहतं? आणि अम्मीला काय वाटतं?

पुढच्या कोजागिरीला डबीतून चार काड्या काढताना आपणही घटकाभर थांबायला हरकत नाही. त्या काडीचा लाल रंग ऑक्टोबरच्या एका सकाळी खुडला गेला हे खरं. पण तो भरला एप्रिलच्या उन्हात, खुरपं धरलेल्या हातांनी आणि मातीतल्या त्या न दिसणाऱ्या मंडळींनी.